ओतून द्यायचं दूध

भुरीने लाथ मारली ती मनगटावर बसली. बादली वाचली, कारण ती गुडघ्यांत घट्ट धरलेली होती. सुनेने हात झटकला, पुन्हा कासेखाली घातला, आणि मग तिला कळलं. मागचा डावा सड तापलेला होता आणि वरची कास दगडासारखी लागत होती. सड हलकेच ओढला तर दुधाबरोबर पिवळट गाठी आल्या.

"आबा, भुरीची कास दगडी झालीय."

सासरा गोठ्याच्या दारात उभा होता. धार तो काढत नसे आता, पण धारेच्या वेळी तिथे उभा असे. तो आत आला, वाकला, कासेला उलटा हात लावून बघितला.

"तुझ्या हाताला घाई," तो म्हणाला. "पोर रडलं की अर्धी धार सोडून उठतेस. कासेत दूध राहिलं की दुसरं काय होणार?"

पोर रडत नव्हतं. दीड वर्षाची चिमणी गव्हाणीत वैरणीवर उताणी पडून पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती, आणि शेजारच्या खुंट्याची मोरी तिच्या केसांवर फुंकर टाकून तिचा वास घेत होती.

"मागच्या कोपऱ्यात पाणी साठतंय, त्यानं झालं हे," सून म्हणाली. "पाऊस लागायच्या आधीपासून सांगतेय, तिथे मुरूम टाकून घ्या. चिखलात बसते ती."

"माझ्या बापाच्या वेळी पण गाई तिथेच बसायच्या."

बापाचं नाव निघालं की या घरात बोलणं संपायचं. गोठा सासऱ्याच्या आजाने बांधला, बापाने वाढवला, सासऱ्याने सांभाळला. एका म्हाताऱ्या गाईची ही सगळी वेल. भुरी, मोरी, ठेंगणी, आणि अजून नाव न ठेवलेली एक कालवड. त्यातलं एकही जनावर विकत आणलेलं नव्हतं, हे सासरा येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, अगदी मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा.

सून शिंप्याच्या घरातली. माहेरी शेपटी असलेलं म्हणून एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं. लग्न होऊन आली त्याच वर्षी सासऱ्याच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. नवरा फाट्यावर वेल्डिंगच्या दुकानात कामाला. त्याला गाईपेक्षा लोखंड बरं वाटायचं, लोखंड लाथ मारत नाही म्हणायचा. मग बादली आपोआप सुनेकडे आली. पोटात चिमणी असताना ती धार शिकली. सासऱ्याने शिकवलं ते शिव्या घालत. अंगठा आत दुमडू नको, नखं काप, गाईशी बोल, मुकी काय बसतेस. शिकली मात्र. कालवड जन्मताना आडवी आली तेव्हा डॉक्टर पोचेपर्यंत हात आत घालून पाय सरळ करणारी तीच होती. त्या दिवशी सासरा म्हणाला होता, "बरं झालं." एवढंच. तेवढ्यावर तिने कितीतरी महिने काढले.

डॉक्टर दुपारी आला. रेनकोट न काढताच तो भुरीच्या मागे बसला आणि त्याने सडात औषधाची ट्यूब सोडली.

"चार दिवस ट्यूब. त्यावर आणखी तीन दिवस जाऊ द्या. तोवर हिचं दूध डेअरीला घालायचं नाही, घरात घ्यायचं नाही, वासरालासुद्धा पाजायचं नाही. काढायचं आणि ओतून द्यायचं."

"एका सडाचं ना?" सासऱ्याने विचारलं.

"चारही सडांचं."

"तीन सडांचं चांगलं दिसतंय की."

"दिसण्यावर काय आहे आबा. दिसायला मीही चांगलाच आहे. बायकोला विचारून बघा."

सून हसली. सासरा हसला नाही.

संध्याकाळपासून तिने रंगाची एक जुनी बादली वेगळी काढली. भुरीची धार सगळ्यांत शेवटी, त्या बादलीत. मग शेणखताच्या ढिगामागे खणलेल्या खळग्यात ती बादली उपडी करायची. दूध आधी पांढरं पसरायचं, मग तपकिरी व्हायचं, मग जमीन ते गिळून टाकायची. भुरी दुधाची गाय, फेस काठाशी यायचा. सासरा ढिगाच्या अलीकडे उभा राहून बघायचा आणि ओततानाच्या क्षणी तोंड फिरवायचा.

"हात कापत नाहीत तुझे?"

"कापतात. कापत कापतच ओतते."

"तोंड चांगलं चालतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी चिमणीच्या अंगात ताप भरला. सुनेने धारा कशाबशा उरकल्या. चिमणी पाठीला बांधलेली, मानेवर तिचा गरम श्वास. मोरीचं आणि ठेंगणीचं दूध तिने किटल्यांत भरलं. भुरीची बादली झाकून दगडी कट्ट्याखाली सरकवली. खळग्यापर्यंत जायला तिच्यात बळ नव्हतं आणि दवाखान्यातली रांग लांब असायची.

"आबा, किटल्या तेवढ्या डेअरीवर न्या. आणि भुरीची बादली खळग्यात ओता. विसरू नका."

"विसरायला मी काय लहान आहे?"

औषध घेऊन ती परतली तेव्हा रंगाची बादली कट्ट्यावर पालथी घातलेली होती, आतून बाहेरून स्वच्छ घासलेली. सासरा स्वतःची चहाची कपबशीसुद्धा धूत नसे. तिला उगाचच भरून आलं. म्हाताऱ्याने आपली दमणूक बघितली, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिने त्याच्या चहात साखर जरा जास्तच घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवरून निरोप आला की सगळ्यांनी या.

डेअरी म्हणजे रस्त्याच्या टोकाची एक लांबट खोली. एक वजनकाटा, एक फॅट मोजायचं मशीन आणि मागे गार करायची स्टीलची मोठी टाकी. गावातल्या प्रत्येक गोठ्याचं दूध त्या टाकीत एकत्र व्हायचं आणि टँकर येऊन घेऊन जायचा. आज टँकर रिकामा परत गेला होता. टँकरबरोबरच्या माणसाने टाकीत पट्टी बुडवून बघितली आणि दुधात औषध आहे म्हणून नळी लावलीच नाही.

सून चिमणीला कडेवर घेऊन उभी होती. सासरा शेजारी. समोर सगळे गोठेवाले, कुणाच्या अंगावर अजून धारेचे कपडे, कुणाच्या हातात आजची भरलेली किटली. डेअरीचा सेक्रेटरी, चष्मा कपाळावर चढवलेला बारीक माणूस, टाकीमागून आला.

"प्रत्येक घरच्या दुधाची नमुन्याची बाटली ठेवलेली असते, सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "सगळ्या तपासल्या. आबा, तुमच्या घरच्या बाटलीत निघालंय. कालच्या सकाळच्या."

"आमच्या भुरीला ट्यूब चालू आहे," सून पुढे होऊन म्हणाली. "पण तिचं दूध वेगळं काढते मी. एक थेंबही किटलीत—"

"वहिनी, पट्टीला काय तुमच्याशी वैर आहे का?"

तिला घासलेली बादली आठवली. बादलीचा स्वच्छ तळ. तिने सासऱ्याकडे बघितलं. तो टाकीच्या नळाकडे बघत होता. ती थांबली. आता बोलेल, तिला वाटलं. एवढी माणसं उभी आहेत, आपण त्याच्या घरातली, कडेवर त्याचीच नात. आता बोलेल.

सासऱ्याने हात जोडले.

"पोर आजारी होतं हिचं," तो म्हणाला. "डोकं ठिकाणावर नव्हतं. झालं असेल हिच्या हातून. माझ्याकडे बघून चूक पदरात घ्या."

"शिंप्याच्या घरची ती," मागून कोणीतरी म्हणालं. "सुई आणि सड, तिला फरक काय कळणार."

दोघेतिघे हसले. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, ते जास्त वाईट होतं.

"मी नाही घातलं," ती म्हणाली. आवाज स्वच्छ आला.

"मग कोणी घातलं?" सेक्रेटरीने विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. सासऱ्याचे हात अजून जोडलेलेच होते, तो आखडलेला अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा, वाकडा उभा. एक शब्द बोलायचा होता. तिच्याच्याने बोलवला नाही. पुढे कितीतरी वेळ तिला सासऱ्यापेक्षा स्वतःच्या त्या गप्प राहिलेल्या तोंडाचा राग येत राहिला.

सेक्रेटरीने टाकीचा खालचा नळ सोडला. दूध आवाज करत गटारात पडलं, गटार भरलं, मग रस्त्यावर आलं. कुत्री धावत आली. एक जण आपली सकाळची किटली तशीच उचलून घरी निघाला आणि जाताना त्या पांढऱ्या ओघळावरून मोठं पाऊल टाकून गेला, मुद्दाम, सासऱ्याला दिसेल असं. सासरा बघत राहिला. एक बादली ओतवली नाही याला, तिला वाटलं, आता बघ म्हणावं, टाकीभर बघ.

"तुमचं दूध आजपासून बंद," सेक्रेटरी म्हणाला. "पुन्हा घ्यायचं तर एकच अट. ज्याच्या हातून झालं त्याने धारेला बसायचं नाही, किटलीला हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी जबाबदारी घ्यायची. बोला आबा, कोण काढणार धार?"

"बघतो," सासरा म्हणाला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा त्याला सगळं रस्त्यातच कळलेलं होतं. शर्टावर ठिणग्यांची बारीक भोकं घेऊन तो दारातच उभा राहिला.

"विसरले म्हणायचं ना सरळ. माणसं समजून घेतात. नाही नाही करत बसलीस म्हणे."

"मी विसरले नाही."

"मग दूध काय चालत गेलं किटलीत?"

"तुमच्या वडिलांना विचारा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला हळूहळू उमगलं. चेहऱ्यावर दिसलंच ते. तो बाहेरच्या खोलीत गेला. म्हातारा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. सून दाराआड उभी राहिली.

"आबा," नवरा म्हणाला.

"काय विचारायचंय ते विचार."

नवरा बाजेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला.

"जेवलात का?" नवऱ्याने विचारलं.

सून तिथून हलली. स्वयंपाकघरात जाऊन तिने एक भांडं उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. आपटायचं होतं, पण चिमणीचा नुकता डोळा लागला होता.

मागून नवरा आला. हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, तुला बसता येणार नाही धारेला. आबांच्याने होत नाही. मला दुकान सोडता येत नाही. गाईंच्या दलालाला येऊन जा म्हणतो. चांगल्या घरी जातील गाई."

"कालवड पण?"

"एकटी कालवड ठेवून काय करणार?"

"तुम्ही मला विचारलंत का एकदा तरी? खरं काय झालं म्हणून?"

तो मान खाली घालून हाताला लागलेलं काळं नखाने खरवडत राहिला. "म्हातारं माणूस आहे गं," तो म्हणाला.

गोठ्यातून मोरी हंबरली. धारेची वेळ टळून चालली होती. सून उठली, तिन्ही बादल्या घेतल्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन सासऱ्याच्या बाजेखाली ओळीने ठेवल्या.

"हे काय?"

"मला हात लावायचा नाही. तुम्हीच माझं नाव लावून आलात. चला, काढा धार."

ती गोठ्याच्या पायरीवर जाऊन बसली. चिमणी जागी होऊन मांडीत आली होती, ताप उतरलेला, पाय चिकट. थोड्या वेळाने सासरा आला. त्याने बादली घेतली, मोरीखाली उकिडवा बसला, कास धुतली, सड धरला. पहिल्या दोनतीन चिळकांड्या आल्या. मग अंगठा अडकला. त्याने डाव्या हाताने काढून बघितलं. बोटं मध्येच उघडत होती आणि दूध सडातून परत वर चढत होतं. मोरीने मान वळवून बघितलं, शेपटी झाडली आणि पान्हा आवरून धरला. म्हातारा तिच्याशी बोलत होता, जुनं, लाडाचं बोलत होता. मोरी ऐकत होती. देत नव्हती. पलीकडे ठेंगणी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. तिची कास इतकी ताठली होती की एका सडातून दूध आपोआप ठिबकायला लागलं होतं.

सुनेला ते दुखणं माहीत होतं. चिमणी झाली तेव्हा दूध साठून रात्रीच्या रात्री तिने भिंतीला टेकून काढल्या होत्या. ती तिथे बसली होती आणि तिच्या छातीतच कळ येत होती. हिचा काय दोष, ती मनात म्हणाली. तरी बसून राहिली.

"ओतवलं नाही मला," सासरा म्हणाला. त्याचं कपाळ मोरीच्या पोटाला टेकलेलं होतं, तो तिलाच सांगत असल्यासारखा. "खळग्यापर्यंत गेलो होतो बादली घेऊन. वास नाही, गाठ नाही, वर एवढा फेस. हातच वळेना."

"माझ्या नावावर बरा वळला."

त्याने बादली जरा पुढे सरकवली.

"चारचौघांत वळला. हात जोडून वळला."

"मी लहान असताना चरवी सांडली होती माझ्या हातून," तो म्हणाला. "याच जागी. बापाने मान धरली आणि खालचं चाटायला लावलं. शेणासकट. तेव्हापासून या गोठ्यात थेंब सांडलेला नाही."

शाळेत मिळालेलं बक्षीस दाखवावं तसं त्याने ते सांगितलं.

"तुम्हाला राग नाही आला?"

"बापाचा कसला राग."

"मला येतोय," ती म्हणाली. "तुमच्या बापाचापण येतोय."

म्हाताऱ्याने वर बघितलं. त्याच्या बापाबद्दल असं या घरात कोणी बोललेलं नव्हतं.

"डेअरीवर जा आणि सांगा. आबा, सोपं आहे. तुम्ही तसेही धार काढत नाही. तुमचं नाव लागलं तर मी काढीन, गाई राहतील. माझं लागलं तर गाई जातील."

"या वयात? त्या डेअरीत पहिली किटली माझ्या बापाने घातलीय. म्हणतील म्हातारा चळला. दुधात काय घालायचं आणि काय नाही एवढं कळेना झालं याला."

"मग गाई जाऊ देणार?"

त्याने पुन्हा सड धरला. "जातील," तो म्हणाला. "गाई काय, जातातच."

ती उठली. चिमणीला गव्हाणीत ठेवलं आणि त्याच्या हातातून बादली ओढून घेतली. "व्हा बाजूला. तुमच्यासाठी करत नाही मी हे. हिला दुखतंय."

मोरीच्या कासेला तिचा हात लागला तसा पान्हा फुटला, बादलीच्या तळावर धार वाजायला लागली. सासरा खांबाला धरून उभा होता. ती रागात होती, तरी हात सावकाश चालवत होती, कारण रागाचा हात गाईला कळतो. हेही त्यानेच शिकवलेलं. त्याचाही तिला राग आला.

डेअरी बंद, म्हणून दूध शेजारी वाटायला ती निघाली. पलीकडच्या काकूंनी पातेलं पुढे केलं, मग पातेल्यात नाक घातलं.

"औषधाचं नाही ना गं?"

"नाही काकू. मोरीचं आहे."

"नाही, आपलं विचारलं. नातवंडं पितात." काकूंनी दूध घेतलं. सून वळून घराकडे निघाली तेव्हा मागे काकूंच्या न्हाणीच्या जाळीवर काहीतरी ओतल्याचा आवाज आला. तिने मागे बघितलं नाही. उरलेलं दूध घेऊन ती पुढच्या दारी गेलीच नाही.

दलाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. जाडजूड, हसतमुख माणूस, पायात गमबूट, हातात काठी पण जनावराला काठी न लावणारा. नवऱ्याने दुकानातून सुट्टी घेतली होती. गाई बाहेर काढून लिंबाखाली बांधल्या. पावसाने जरा उघडीप दिली होती, अंगणात चिखल चमकत होता. दलालाने मोरीचे दात बघितले, ठेंगणीच्या कातडीला चिमटा काढला, कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. कालवड सुनेच्या मागे येऊन तिच्या कोपराला चाटत होती. सून तिला ढकलत नव्हती आणि थोपटतही नव्हती.

"वेल चांगली आहे आबा," दलाल म्हणाला. "घरचीच सगळी?"

"एकही विकतची नाही."

सासरा आज दाढी करून, स्वच्छ सदरा घालून उभा होता. तो प्रत्येक गाईची आई, आजी, किती वेतं, सगळं सांगत होता. गाई देऊन टाकायला निघालेला माणूस असा बोलतो का, सुनेला कळेना. की असाच बोलतो.

दलाल भुरीपाशी बसला. कास दाबून बघितली. सूज उतरलेली होती, भुरीने लाथ मारली नाही.

"ही दगडी झाली होती ती? डेअरीचं ऐकलं मी." त्याने वर बघितलं. "धार कोणाच्या हाताची?"

कुठलाही दलाल हे विचारतोच. गाय ज्या हाताची असते त्या हाताला दूध देते. नव्या घरी ते माहीत असावं लागतं.

"सुनेच्या," सासरा म्हणाला.

"हिच्या?" दलालाने सुनेकडे बघून ओठ मुडपले. "मग आबा, जरा अडचण आहे. वाईट वाटून घेऊ नका ताई, पण जिला औषधाचं दूध कुठलं आणि चांगलं कुठलं हे कळत नाही, तिच्या हाताच्या गाई म्हणजे... कास कशी सांभाळली असेल कोण जाणे. आत काय काय बिघडवून ठेवलं असेल. या बाकीच्या दोघीपण मग बिनभरवशाच्याच की. हाताचा भरवसा नाही तर गाईचा काय."

"हाताला काही बोलायचं नाही," सासरा म्हणाला.

"अहो, मी आपलं—"

"कास बघ तिची. दगडी कास चार दिवसांत अशी मऊ होते का कुणाच्या हातून? मोरीचा एक सड जरा तरी आखडलेला दाखव मला. या गोठ्यात बिनभरवशाची गाय कधी नव्हती. वेगळी बादली करून, फडकं बांधून, सगळ्यात शेवटी काढत होती ही भुरीची धार. थेंब मिसळला नाही तिने."

"मग डेअरीत गेलं कुठून?"

"मी घातलं," सासरा म्हणाला. "मी ओतलं किटलीत. गाईवर आळ आणू नकोस."

लिंबावरून पाणी ठिबकत होतं. नवरा एकदम कालवडीचं दावं सोडून पुन्हा बांधायला लागला. दलाल उठला, गुडघे झटकले, एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं. त्याने आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं बघितली होती. आपल्या तोट्याचं खरं बोलणारा माणूस बघून त्याला कसंतरीच झालं.

सुनेला वाटलं होतं, हे कधी ऐकलं तर आपल्याला रडू येईल. रडू आलं नाही.

"गाईसाठी बोललात," ती म्हणाली. "कडेवर तुमची नात होती तेव्हा नाही बोललात. मी उभी होते तेव्हा नाही. गाईला नाव ठेवलं तेव्हा तोंड उघडलं."

"अगं, आता झालं ना," नवरा म्हणाला.

"तुम्ही जेवलात का?" तिने त्याच्याकडे वळून विचारलं. तो लाल झाला.

तिने चिमणी उचलून त्याच्या हातात दिली. मग सासऱ्याला म्हणाली, "चला."

"कुठे?"

"सेक्रेटरीकडे. आत्ता जे बोललात ते तिथे बोलायचं. जसंच्या तसं."

"रात्री जाऊ. माणसं असतील आत्ता—"

"माझ्या वेळीपण होती."

ती पुढे निघाली. मागे वळून तिने बघितलं नाही. चिखलात त्याच्या चपलांचा आवाज येतोय का, एवढंच ती ऐकत होती. रस्त्याच्या वळणापर्यंत तो आला नव्हता. मग आला.

डेअरीत दुधाच्या वेळेआधीची तीनचार माणसं होती. त्यांत सुई आणि सड म्हणणारा होता. सासऱ्याने सांगितलं. आवाज इतका खाली गेला की सेक्रेटरी म्हणाला, "ऐकू नाही आलं आबा," आणि त्याला पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा नीट ऐकू आलं. सुई-सडवाला आपल्या किटलीचं झाकण लावायला लागला. ते आधीच लागलेलं होतं.

"वहिनी, तुम्ही बोलायचं होतंत त्या दिवशी," सेक्रेटरी म्हणाला.

"बोलले होते. तुम्हाला पटलं नाही."

सेक्रेटरीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "उद्यापासून घालू या दूध. वेगळी बाटली ठेवीन आठवडाभर. आणि आबा, माफ करा, पण अट अट आहे. किटलीला, बादलीला हात नाही. धारेच्या वेळी गोठ्यात नाही."

"नाही लावणार," सासरा म्हणाला.

दोघं परत आली. दलाल निघून गेला होता. नवऱ्याने गाई आत बांधल्या होत्या, ठेंगणी मोरीच्या खुंट्याला आणि मोरी ठेंगणीच्या. त्याला एवढंही माहीत नव्हतं. सुनेने त्या बदलून बांधल्या. कोपऱ्यात त्याने फाट्यावरून आणलेली मुरुमाची दोन पोती टाकून ठेवली होती. ती पोत्यावरून पाय टाकून पलीकडे गेली.

धारेची वेळ झाली. ती मोरीखाली बसली. चिमणी गव्हाणीतून उतरून दारापर्यंत जात होती, बाहेर उभ्या असलेल्या आजोबांच्या धोतराला हात लावून परत येत होती. तिला वाटत होतं हा खेळच आहे. सासरा उंबऱ्याबाहेर होता. आत न येता तो दाराच्या चौकटीला धरून आत वाकत होता. गाईंनी त्याच्याकडे माना वळवल्या होत्या.

"अंगठा दुमडतोय तुझा," तो म्हणाला.

अंगठा दुमडत नव्हता. ती काढत राहिली. मोरी झाली, ठेंगणी झाली. भुरीची बादली तिने स्वतः खळग्यात ओतली. परत आली तरी तो तिथेच होता. उभं राहून त्याचे पाय भरून आले असावेत. तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहत होता.

"माझं चुकलं," असं तो म्हणेल म्हणून ती थांबली नव्हती. तो म्हणालाही नाही.

"धार झाली ना," तो म्हणाला. "दुधाला नाही लावत हात. शेण तरी काढू दे."

ती किटलीचं झाकण दाबून बसवत होती. भुरीच्या मागे ताजा पो पडला होता, त्यातून वाफ निघत होती.

"घमेलं पलीकडे आहे," ती म्हणाली. "आणि आधी तो मुरूम पसरा."